गोधडी पांघरलेल्या सात्या

विसरलात ना मैत्रिणींनो? आम्ही मूल गाव सोडून घुग्घुसला आलो, हे सांगितलं होतं. तरी परवा तुमच्यातल्या दोघीजणी जुन्या घराच्या कुलपापुढं उभ्या राहून मला फोन करत होत्या... बदाम खात जा बायांनो!

तर सामान हलवलं त्या दिवसाची गोष्ट. मी बोलते, सूनबाई सुनंदा मोबाइलवर लिहिते. माझ्या 'मले'चं ती 'मला' करते... करू द्या.

फ्रीजरमध्ये सात्यांचा डबा होता. सात्या म्हणजे पावसाळ्यात वारुळावर मोजकेच दिवस निघणारी अळिंबी, आम्ही परतून ठेवलेली. नात पोटुशी, पोटात काही टिकत नाही तिच्या. तिनं सात्याच मागितल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी ती येणार होती.

ट्रकवाल्यानं फ्रीजर आडवा आणला. मेकॅनिक म्हणाला, संध्याकाळपर्यंत नुसता उभा ठेवा, चालू करू नका.

डबा मी निघतानाच ड्रममध्ये ठेवला होता. चारही बाजूंनी धानाचा भुसा, वर गोधडी. मूलला लाइट गेली की फ्रीजरवरही मी गोधडीच टाकायची. बर्फवाला लादी भुशात ठेवायचा, ते पाहिलेलं... पण इतका वेळ टिकेल का, मलाही ठाऊक नव्हतं.

"बाई, गोधडीनं माणूस गरम होते. सात्या कशा थंड राहतीन?" सुनंदानं विचारलं.

"तेच तर पाहाचं आहे वो!"

आणि पाहण्यातच घोळ झाला. एकदा भुसा सरकवून बोट लावलं... कडक! मग परत लावलं. पुढच्या वेळी सुनंदानं हात धरला.

"बाई, तुम्हीच वितळवून राह्यल्या त्याले!" म्हणाली आणि ड्रमवर जाऊन बसली. तिथंच बसून भांडी पुसली, चहा प्याली.

"कोंबडी बसली अंड्यावर," मी म्हटलं.

"बसू द्या. तुमचा हात तर जात नाई ना आत!"

संध्याकाळी फ्रीजर चालू करायला गेलो, तर लाइट गेली. सुनंदा पुन्हा ड्रमवर... लाइट आल्यावर डबा काढला. कडेला जरासं पाणी, मधला गोळा दगड!

दुसऱ्या दिवशी नात सात्यांची भाजी आणि भात जेवली. आम्ही सासू-सुना मोरीकडं कान लावून बसलो... काहीच आवाज नाही. पोरगी चक्क झोपली होती.

भुसा माझा, बसणं सुनंदाचं. पण गोधडीचं कोडं अजून डोक्यात आहे... गरम-थंड तिला कळत नसावं, जे हाती दिलं ते धरून ठेवते बिचारी.

आता फ्रीजर रिकामा आहे. वालाचे दाणे पाठवा, पण सोलून. शेंगा पाठवल्या, तर तुम्हालाच बोलावून सोलायला बसवीन!