ताईंची लवंग

उजव्या हाताचा पंजा ताठ समोर धरायचा, हवालदाराने ट्रक अडवावा तसा, आणि म्हणायचं, "थांबा. मी सांगते ना!"

समोर कोण आहे याच्याशी त्या पंजाला देणंघेणं नसे. तापाने फणफणलेले आजोबा असोत, औषध कंपनीचा टाय लावलेला तरुण असो, नाहीतर खुद्द डॉक्टर असोत. नौपाड्यातल्या त्या दवाखान्याच्या खिडकीतून पंजा बाहेर आला की माणूस अर्ध्या वाक्यात अडकायचा. मीही अडकलोय. आणि मी कोण? हौशी रंगभूमीवर अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या वाक्यात घुसण्यात घालवलेला नट!

नाव सांगत नाही. छापून आलं तर त्या इथपर्यंत येतील आणि यात काय चुकलंय ते मलाच समजावून सांगतील. सगळे त्यांना ताई म्हणायचे, आपणही म्हणू. तुमच्या ओळखीच्या दवाखान्यात अशी एक बाई असणारच. तुमचा केसपेपर काढायच्या आधी तुम्हाला काय झालंय हे तिने ठरवलेलं असतं. तीच ती.

ताई मूळच्या ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळी घरातल्या, लग्न होऊन डोंबिवलीला गेलेल्या. त्यांची आई बाजारात मासळी घेऊन बसायची. गिऱ्हाईक पापलेटाकडे बघत असताना ही माउली त्याच्या पिशवीत सुरमई टाकायची आणि म्हणायची, "तुला आज ही पाहिजे." गिऱ्हाईक मुकाट पैसे देऊन जायचं. वर दुसऱ्या दिवशी येऊन सुरमई झकास होती म्हणून सांगायचं. ताईंनी हा वारसा मासळीकडून माणसांकडे वळवला, एवढंच.

एकदा नवरात्रात आम्ही टेंभी नाक्याच्या गर्दीत भेटलो. तिथे एक पोरगा एकटाच उभा होता. ताईंनी त्याचं मनगट पकडलं. "हरवलास ना? घाबरू नको." पोरगा म्हणाला, "नाही, मी..." पंजा वर! "मी सांगते ना!" त्याला पानाच्या टपरीवर बसवलं, पाणी पाजलं, मंडळाच्या माइकवरून पुकारा करवला. पोरगा मधूनमधून तोंड उघडत होता. ताई दर वेळी त्यात एक पेढा भरत होत्या. शेवटी समोरच्या इमारतीच्या गॅलरीतून त्याची आई ओरडली, "अहो, त्याला सोडा! तो आइस्क्रीम आणायला खाली आलाय!"

ताई अजिबात वरमल्या नाहीत. "एवढ्या गर्दीत एकटं सोडतात का पोराला?" म्हणाल्या आणि आइस्क्रीम कुठलं घ्यायचं तेही त्याला सांगितलं.

तर अशा या ताई एका दुपारी दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर माझ्या क्लासमध्ये आल्या. मुलाखतीला कसं बसावं, कसं बोलावं हे मी तिथे शिकवतो. खुर्ची ओढून बसल्या.

"मास्तर, मला एमएसडब्ल्यू करायचंय. मास्टर ऑफ सोशल वर्क. मुलाखतीची तयारी करून द्या."

"तुम्ही? आता?"

"डॉक्टर पुढच्या वर्षी दवाखाना बंद करतायत. हात थरथरतात त्यांचे. मी त्या खिडकीत बसून पोरीच्या दहावीपासून बाहेरून बीए केलं ते काय फ्रेम लावायला? मला मोठ्या हॉस्पिटलात मेडिकल सोशल वर्कर व्हायचंय. पेशंटशी, घरच्यांशी बोलायचं, त्यांची सोय लावायची. तेच तर करते मी."

बातमी नौपाड्यात पसरायला वेळ लागला नाही. वाणी म्हणाला, "कुठल्या पक्षाकडून उभ्या राहताय?" शेजारच्या सोनारकाकू म्हणाल्या, "अगं, समाजसेवेला डिग्री कशाला? आम्ही भिशीतर्फे दर वर्षी वह्या वाटतो की!" ताईंचे यजमान एमआयडीसीतल्या कारखान्यात सुपरवायझर. फार कमी बोलणारे. त्यांच्या घरात तसंही दुसऱ्याला वाव नव्हता. ते म्हणाले, "तुझं बोलणं ऐकून कोणी पगार देणार असेल, तर मी कशाला आड येऊ?"

ताई प्रत्येकाला पंजा दाखवून समजावत होत्या. यात शाळेतलं समुपदेशन आहे, कौटुंबिक न्यायालयातलं काम आहे, कंपन्यांच्या सीएसआरमध्ये चांगला पगार आहे, वस्तीत जाऊन गट बांधण्याचं काम आहे. सोनारकाकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मग वह्या कोण वाटणार?"

आम्ही तयारीला लागलो. मुलाखतीत विचारतातच, की तुम्ही कोणासाठी काय केलंत. ताईंकडे गोष्ट तयार होती. टिटवाळ्याची एक तरुण सून तापलेलं बाळ घेऊन यायची. डोळे सुजलेले, आवाज गेलेला. ताईंनी ओळखलं, सासरी जाच आहे. केसपेपरमागे लिहिलेल्या माहेरच्या नंबरावर त्यांनी तिच्या भावाला फोन लावला. भाऊ दुसऱ्याच दिवशी टिटवाळ्याला धडकला.

मी ती गोष्ट ऐकली आणि माझ्यातला नट पेटला! कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, "हॅलो, तुमची बहीण संकटात आहे" हे वाक्य खिडकीबाहेर बघत कसं टाकायचं, सगळं बसवलं. तालमीला माझ्या क्लासची पोरं रडली. एक तर बाहेर जाऊन नाक शिंकरून आला.

मुलाखतीहून ताई थेट माझ्याकडे आल्या. पंजा खाली.

"काय झालं? गोष्ट सांगितलीत?"

"सांगितली. तुम्ही बसवली तशीच. मुलाखत घेणारे तिघंही गप्प बसून ऐकत होते."

"मग?"

"त्यात एक मॅडम होत्या. म्हणाल्या, छान. भावाला फोन करायच्या आधी तुम्ही तिला विचारलं होतं का?"

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, विचारायचं काय त्यात? दिसतच होतं. मग त्यांनी विचारलं, आता कुठे आहे ती? आणि मास्तर, मला माहीतच नाही. ती पोर त्यानंतर दवाखान्यात आलीच नाही."

यादीत नाव लागलं नाही. ताई आठवडाभर चिडलेल्या होत्या. चिडल्या की खाडीकाठची बोली बाहेर यायची. "मना शिकवतान! आख्खा नौपारा मना इचारतो, न मी कोनाला इचारू?" मी म्हटलं, "बरोबर आहे." खरं तर मी घाबरून म्हटलं. पण राग ओसरला तेव्हा खिडकीतला आवाजही ओसरला. "मी सांगते" म्हणून पंजा वर जायचा आणि मध्येच कुठेतरी रेंगाळायचा.

डॉक्टरांनी त्यांच्यासाठी एका लॅबमध्ये काउंटरवरच्या जागेसाठी शब्द टाकून ठेवला होता. पुढच्या उन्हाळ्यात दवाखान्याचं शटर कायमचं खाली येणार होतं. तोवर प्रवेश मिळाला तर ठीक, नाहीतर लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्यांवर लेबलं लावायची, हे घरात ठरलं होतं. म्हणजे संधी उरली एकच.

"मास्तर," त्या एकदा म्हणाल्या, "मला बोलायला नका शिकवू. गप्प बसायला शिकवा."

आता हे मला कुठून येणार? पण नटाच्या खिशात एक वस्तू कायम असते. घशासाठी लवंग. मी म्हटलं, "समोरचा बोलायला लागला की ही जिभेखाली ठेवायची. चावायची नाही. चावलीत तर झोंबेल. ती मऊ होईपर्यंत तोंड बंद."

पहिल्या दिवशी ताईंनी लवंगा चावून चावून जिभेची सालटं काढली. डॉक्टर मला म्हणाले, "काय केलंस रे हिला? दवाखान्यात मसालेभाताचा वास येतोय."

हळूहळू मात्र खिडकीशी अजब गोष्टी घडू लागल्या. लोक पूर्ण वाक्यं बोलू लागले! गुडघ्यासाठी येणारे एक आजोबा त्या काळात पहिल्यांदाच सांगून गेले, की गुडघा ठीक आहे, घरात बोलायला कोणी नाही म्हणून येतो. ताईंनी ते मला सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. इतकी वर्षं त्या आजोबांना त्या मलम देत होत्या.

आणि मग टिटवाळ्याची ती सून आली. बाळ आता चालत होतं. मी त्या वेळी खाली पेपर वाचत बसलो होतो. ताईंनी तिला पाहिलं, डबीतून लवंग काढली आणि जिभेखाली सारली. हात मांडीखाली दाबून बसल्या. पंजा आपणहून वर जाईल अशी भीती असावी.

ती खिडकीपाशी उभी राहिली. आधी बाळाचा खोकला सांगितला. मग थांबली. ताई काहीच बोलल्या नाहीत. मग तीच म्हणाली, "ताई, मला माहेरी जायचं नव्हतं. माझा नर्सिंगचा कोर्स अर्धा राहिला होता. तो करू द्या, एवढं सासूबाईंना सांगणारं कोणीतरी हवं होतं. तुम्ही सांगाल असं वाटलं म्हणून एवढ्या लांबून यायचे मी. तुम्ही दादाला फोन केलात. तो आला, भांडला, शिव्या देऊन गेला. त्यानंतर मला एकटीला घराबाहेर पडू देईनात. आज नवरा बाहेर रिक्षात बसलाय."

मी पेपर तोंडासमोर धरला. अशा वेळी नटालाही चेहरा कुठे ठेवावा कळत नाही.

ताईंनी लवंग हातात काढली. "चुकलं माझं," म्हणाल्या. आणि मग जे म्हणाल्या, ते त्या खिडकीतून कोणी कधी ऐकलं नव्हतं.

"तू सांग. आता काय करूया?"

तिने सांगितलं. नवऱ्याला आत बोलवा म्हणाली. ओरडू नका, सासूचं नाव काढू नका, फक्त कोर्सचं बोला. ताई तेवढंच बोलल्या, एक शब्द जास्त नाही. नवरा "बघतो" म्हणाला. तेवढ्याने जग बदललं नाही. पण पुढच्या खेपेला तो रिक्षात बसून राहिला नाही, बाळ घेऊन आत आला, आणि त्यानंतरच्या खेपेला ती एकटी आली. कॉलेजचा पत्ता विचारायला.

उन्हाळ्यात ताई पुन्हा मुलाखतीला गेल्या. त्याच मॅडम. तोच प्रश्न. या वेळी मी काहीही बसवलं नव्हतं.

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, माझी आई गिऱ्हाइकाला न विचारता पिशवीत सुरमई टाकायची. मासळीत चालतं ते. माणसांत नाही चालत, हे मला एका पोरीने शिकवलं. तिचं नुकसान करून शिकले. म्हणून पुढचं नीट शिकायला आलेय."

"एवढंच? मॅडम काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, कसला तरी छान वास येतोय."

यादीत नाव लागलं. सोनारकाकूंनी वह्यांचा गठ्ठा भेट दिला. लेकीच्या वयाच्या पोरांबरोबर ताई वस्त्यांतून हिंडल्या, अहवाल लिहिले, रात्रंदिवस सिद्धान्तांना शिव्या घातल्या आणि पास झाल्या. त्यांच्या वर्गातलं कोणी शाळेत लागलं, कोणी कंपनीत. कंपनीचा पगार ऐकून यजमान आयुष्यात प्रथमच दोन वाक्यं सलग बोलले म्हणे. ताईंनी कल्याणचं एक हॉस्पिटल धरलं.

माझ्या थोरल्या भावाला अर्धांगवायू झाला, तेव्हा आम्ही त्याला तिथेच नेलं. घरी न्यायचं की एखाद्या शुश्रूषा केंद्रात ठेवायचं, यावर घरात रणधुमाळी. मी ताईंच्या समोर बसलो आणि सुरू झालो. वहिनीची बाजू, पुतण्याची बाजू, माझी बाजू, प्रत्येकाचा आवाज काढून. प्रयोग रंगला. ताईंचा एक गाल किंचित फुगलेला होता.

मी मनात म्हणत होतो, आता पंजा वर येईल. आता म्हणतील, "मी सांगते ना!" खरं सांगतो, त्या क्षणी मला तो पंजा हवा होता. कोणीतरी माझ्या पिशवीत सुरमई टाकावी आणि मी मुकाट घरी जावं.

पंजा आला नाही. माझे सगळे आवाज संपले. आणि मग मी माझ्याच, साध्या, बिनतालमीच्या आवाजात म्हणालो, "दादाला कोणी विचारलंच नाही हो ताई."

त्या उठल्या. "चला," म्हणाल्या. आम्ही दोघे त्याच्या खाटेपाशी गेलो. त्याला बोलता येत नव्हतं, पण डावा हात हलत होता. ताईंनी विचारलं, आणि वाट पाहिली. दादाने बोटाने खिडकीबाहेर, घराच्या दिशेला दाखवलं.

दादा घरी आहे. चालतो थोडा. परवा त्याला तपासणीला नेलं, तेव्हा ताईंच्या खोलीत डोकावलो. ताई नव्हत्या. कल्याणबाहेरच्या एका नव्या हॉस्पिटलात असाच समाजसेवा विभाग उभा करायला त्यांना बोलावलंय, तिकडे गेल्या. नौपाड्यातल्या त्यांच्या खिडकीत आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. इथे त्यांच्या खुर्चीत एक नवी मुलगी होती, चेहऱ्यावर सगळं ठाऊक असल्याचा भाव.

मी म्हटलं, "माझ्या भावाबद्दल..."

तिचा हात वर आला. ताठ पंजा, हवालदारासारखा.

पण हात तसाच पुढे गेला. टेबलावरची स्टीलची डबी त्याने उघडली. मुलीने एक लवंग जिभेखाली ठेवली आणि मान हलवली.

बोला, म्हणाली ती मान.