"प्लीज, कुर्ता नको"

रविवारच्या मीटिंगला बिझनेस कॅज्युअल घाला, असं नव्या मॅनेजरने सगळ्यांना सांगितलं. मग माझ्या टेबलाशी थांबून हळूच म्हणाला, "प्लीज, कुर्ता नको."

इथे कतारमध्ये आठवडा रविवारी सुरू होतो. वर्ल्ड कपच्या स्टेडियमचं काम मागे पडलं होतं आणि क्लायंटचा कतारी अधिकारी जाब विचारायला येणार होता. कामाचं वेळापत्रक मी करायचे. इतकी वर्षं कुर्त्यातच करत आले होते. पण तेव्हा भांडायला कुणाला वेळ होता? गुरुवारी नवऱ्याला घेऊन मॉलमध्ये गेले आणि काळी पँट, फिकट निळा शर्ट घेऊन आले.

शर्ट कमरेपाशीच संपत होता. रविवारी गाडीत बसेपर्यंत मी तो कितीदा खाली ओढला असेल. सगळ्यांकडे पाठ करून स्क्रीनवर तारखा दाखवायच्या होत्या.

मीटिंगरूममध्ये आम्ही सगळे बसलो होतो. दार उघडलं आणि तो अधिकारी आत आला. घोट्यापर्यंतचा पांढराशुभ्र अरबी झगा, थोब, डोक्यावर रुमाल, पायांत चपला. मॅनेजर लगबगीने उठला.

"तुमचा हा पोशाख मला फार आवडतो," त्याच्याशी हात मिळवत मॅनेजर म्हणाला. "आपले कपडे घातले की माणूस कसा रुबाबदार दिसतो."

माझा हात तेव्हाही मागून शर्ट ओढत होता. मी शर्ट सोडला आणि मॅनेजरकडे बघत राहिले. त्याने लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.