पिकलेल्या संत्र्याची साल

शेजारीणबाई संत्रं सोलताना साल अशी मुडपायची की तेल समोरच्याच्या डोळ्यांत उडावं. वर म्हणायची, "झोंबलं ना? याच तेलानं फळमाशीची अंडी मरतेत. पण फळ लय पिकलं का सालीतला जोर जाते, मंग माशी घुसते."

तिची जीभही तशीच झोंबरी. मी तेव्हा गोडबोली नवी सून. फुकटची कामं सांगायला माझ्यावर अख्खं गाव घोंगावायचं!

आता ती थकून मवाळ झालीय. तिच्या संत्र्याच्या बागेत कधी न फिरकलेला पुतण्या काल अकोल्याहून कागद घेऊन आला.

"काकू, बाग माह्या नावावर करून द्या."

"तू म्हणशीन तसं," म्हणत तिनं पेन घेतलंसुद्धा.

मी शेजारी संत्रं सोलत होते. साल त्याच्या डोळ्यांसमोर मुडपली.

तो डोळे चोळत ओरडला, तशी ती खुदकन हसली. पेन खाली ठेवून मला म्हणाली, "तुले लय उशिरा साल आली वं!"