मागं बसणाऱ्यांचा मिस्त्री

राजूरच्या दोनदाब मिस्त्रींनी पहिल्या भेटीत मला माझं नावसुद्धा विचारलं नाही. मी दुकानासमोर मोटारसायकल उभी केली. ते उठले, माझ्याकडे ढुंकूनही न बघता गाडीच्या मागच्या अंगाला गेले, सीटवर तळहात ठेवला आणि डोळे मिटून दोनदा दाबला. मग तसेच डोळे मिटून म्हणाले, "मागं बाई बसते. एका बाजूनं पाय सोडून बसते. आन सध्या बसणं बंद हाय."

मी वजनकाट्यावर नोकरी करणारा माणूस. दिवसभर कोळशाचे ट्रक माझ्यासमोर उभे राहतात आणि मी मशीनवरचा आकडा वाचतो. हाताने दाबून घरातली गोष्ट सांगणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसणं कठीण होतं. कोणीतरी आधीच कळवलं असेल, असं मी धरून चाललो. नंतर कळलं की त्यात जादू काही नव्हती. डाव्या बाजूचं पायदान उजव्यापेक्षा जास्त घासलेलं होतं, म्हणजे बसणारी बाई. आणि त्याच पायदानावर बोटभर धूळ साचली होती, म्हणजे बसणं बंद. राजूरच्या काळ्या धुळीत एवढा थर जमायला आठवडाभर पुरतो. हे मलाही दिसायला हवं होतं. गाडी माझी होती आणि बायकोही माझीच.

ते फक्त मागचे शॉकअप दुरुस्त करत. इंजिन, क्लच, ब्रेक यातलं काही घेऊन गेलात तर शेजारच्या दुकानाकडे बोट दाखवत. तरुणपणापासून कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी छताला आधार देणारे तेलाचे जॅक उघडले आणि जोडले होते. ज्याच्या खाली माणूस उभा राहतो, त्या वस्तूला हात लावताना घाई करायची नसते, ही सवय तिथूनच आलेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी रस्त्यालगत टपरी टाकली. इथल्या रस्त्यांची ट्रकांनी जी दशा केलेली आहे, ती पाहता त्यांना गिऱ्हाईक कमी पडण्याची भीती नव्हती.

दोनदा का दाबता, असं एकदा मी विचारलं. पहिल्या दाबाला स्प्रिंग कळते आणि दुसऱ्याला तेल, असं त्यांनी सांगितलं. स्प्रिंग गाडीला वर उचलते, तेल तिला आवरतं. हात काढल्यावर सीट एकदा वर येऊन गप्प बसली तर सगळं ठीक. झुलत राहिली तर तेल गेलं. माझी सीट मात्र हलायलाच तयार नव्हती. मिस्त्री खाली वाकले, स्प्रिंगच्या वेढ्यात पाना घातला आणि आतून जाड रबराचा तुकडा उपसून काढला.

तो मीच घातला होता. आमच्याकडे मागचा शॉकअप दबून खाली बसला की बरेच जण हेच करतात. जुन्या टायरचा तुकडा कापून स्प्रिंगमध्ये कोंबायचा आणि पान्याने स्प्रिंग सगळ्यात कडक खाचेवर न्यायची. गाडी खाली टेकत नाही, दोन पोती जास्त बसतात आणि चालवणाऱ्याला आपण फार हुशार असल्याचा भास होतो. मिस्त्रींनी तो तुकडा माझ्या हातावर ठेवला. "शॉकअप काढून लोखंडाचा दांडा बसवला असता, तरी इतकंच झालं असतं," ते म्हणाले. मी मान खाली घातली, कारण त्याच गाडीवर बसून सुनंदाची कंबर गेली होती.

सुनंदा म्हणजे माझी बायको. राजूरपासून सोळा किलोमीटरवर, कोलाम आदिवासींच्या पोडाजवळ, म्हणजे वस्तीजवळ, एक आरोग्य उपकेंद्र आहे, तिथे ती कंत्राटी नर्स. मी रोज सकाळी तिला गाडीवरून सोडायचो आणि मग काट्यावर जायचो. पहिलं वर्ष पोडावरच्या बाया तिच्याकडे फिरकल्याही नाहीत. ती त्यांच्या दारात जाऊन बसायची, चुकतमाकत कोलामी बोलायची आणि स्वतःचं हसू करून घ्यायची. तिसऱ्या वर्षी बाया आपणहून येऊ लागल्या. तेव्हाच एका सकाळी नाल्याच्या रपट्यावर, म्हणजे पात्रातून जाणाऱ्या बुटक्या पुलावर, गाडी आदळली आणि ती खाली उतरू शकली नाही.

वणीच्या डॉक्टरांनी तिला सहा आठवडे झोपवून ठेवलं. नंतर काम करायला हरकत नाही म्हणाले, पण हादरा नको, हे त्यांनी तीनदा सांगितलं. इकडे तिच्या वरिष्ठांनी निरोप धाडला की येत्या एक तारखेला हजर व्हा, नाहीतर करार वाढणार नाही, जागा दुसरीला द्यावी लागेल. त्यांचंही बरोबर होतं. केंद्र बंद ठेवून चालत नाही. एसटी दुपारी जायची आणि लगेच परत फिरायची. ऑटोच्या हादऱ्यांपेक्षा मोटारसायकल बरी. तिथेच खोली करून राहावं, तर घरात माझी आई अंथरुणावर. नवीन शॉकअपची जोडी टाकूनही पाहिली. सुनंदा गल्लीच्या टोकापर्यंत बसली आणि डोळ्यांत पाणी आणून उतरली. हातात पंधरा दिवस उरले होते. कोणीतरी दोनदाब मिस्त्रींचं नाव सुचवलं, तेव्हा मी जुनीच जोडी पुन्हा गाडीला लावून, माझ्या रबरासकट, त्यांच्याकडे गेलो होतो. नवी जोडी दुकानदाराने परत घेतली, हे त्याचे उपकार.

सगळं ऐकून मिस्त्री एवढंच म्हणाले, "बाईले आणा. बसणारं माणूस पाह्यल्याबिगर मी पाना लावत नाही."

हा त्यांचा नियमच होता. टपरीत एकच खुर्ची होती, पाठ टेकायची, गादी घातलेली. ती मागे बसणाऱ्यासाठी. गाडीचा मालक, मग तो सरपंच का असेना, बाहेर उन्हात उभा. "चालवनाऱ्याले खड्डा आधी दिसते, तो अंग सांभाळते. मागच्याले काय दिसते? तुमची पाठ," असं ते मालकांना ऐकवत. बऱ्याच घरांतल्या बायकांना आपल्या प्रवासाबद्दल कोणी काही विचारण्याची ती पहिलीच वेळ असे. सुरुवातीला त्या लाजत, मग जे बोलायला लागत ते नवऱ्यांना ऐकवत नसे.

सुनंदा कमरेला पट्टा बांधून, माझ्या खांद्याचा आधार घेत, हळूहळू चालत आली. मिस्त्रींनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि रस्ता विचारला. कुठे दुखायचं, कसं दुखायचं, आधी झटका यायचा की नुसती कळ. तिने सोळा किलोमीटर पाठ म्हणून दाखवले. मी तो रस्ता तीन वर्षं रोज दोनदा तुडवला होता, पण त्यातली निम्मी ठिकाणं मला माहीत नव्हती. रपट्याच्या अलीकडे एक आडवा चर आहे, तिथे श्वास धरून ठेवावा लागतो, असं ती सहज बोलून गेली. तीन वर्षं रोज श्वास धरत होती आणि मला पत्ता नव्हता. त्या क्षणी मला स्वतःचा फार राग आला.

मग त्यांनी तिला अलगद सीटवर बसवलं आणि गाडी किती खाली दबते ते बोटांनी मोजलं. एक बोटसुद्धा दबली नाही. "ही गाडी पोत्यांसाठी बनवली हाय, मानसासाठी नाही," ते म्हणाले. नव्या जोडीचंही तेच रडगाणं होतं. सुनंदाचं वजन सत्तेचाळीस किलो. तेवढ्याला ती स्प्रिंग जुमानतच नव्हती.

कंपनीचा शॉकअप सीलबंद असतो. तो उघडत नाही, बिघडला की फेकायचा, असं सगळे मेकॅनिक सांगतात. मिस्त्रींनी त्याचं तोंड लेथवर कापलं, आटे पाडले आणि डब्याला असतं तसं फिरकीचं झाकण बसवलं. आतला रॉड धुळीने चरे पडून खरबरीत झाला होता, तो घासून आरशासारखा केला. एका जुन्या, हलक्या गाडीच्या मऊ स्प्रिंगा शोधून आणल्या. सील बदललं, तेल भरलं. हे सगळं करताना त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे, आणि कोणी गप्पा मारायला आलंच तर त्याला कंदील पुसायला देत. टपरीत कंदील एकच होता, तो दिवसातून चार-पाचदा पुसला जाई.

आणि मग आली चाचणी. मी समजत होतो की गाडी मी चालवून बघायची. मिस्त्रींनी सुनंदाला वजन विचारून घेतलं होतं, ते यासाठी. ते स्वतः चव्वेचाळीस किलोचे. त्यांनी कापडी पिशवीत तीन किलो नटबोल्ट भरले, पिशवी मांडीवर घेतली आणि माझ्या मागे, दोन्ही पाय डाव्या बाजूला सोडून, अगदी सुनंदा बसते तसे बसले. पांढऱ्या मिशा, खांद्यावर दुपट्टा, मांडीवर पर्स धरावी तशी पिशवी. असे आम्ही भर बाजारातून निघालो. पानठेल्यावरची मंडळी हसून हसून बेजार झाली. मी ओशाळून म्हणालो की काकाजी, गाव संपेपर्यंत तरी नीट बसा.

"बाई अशी बसते. मी टांग टाकून बसलो तं मले काय समजन?" ते म्हणाले आणि पानठेल्याकडे बघून त्यांनी राजकारण्यासारखा हात हलवला.

पहिल्या चकरेत गाडी नावेसारखी डोलत गेली आणि रपट्यावर तळाला टेकून खाडकन आदळली. मिस्त्रींच्या तोंडून नुसता हुंकार आला. परत येऊन त्यांनी झाकण उघडलं आणि जाड तेल भरलं. दोन दिवसांनी दुसरी चक्कर. या वेळी रपटा बरा गेला, पण त्याआधीच्या बारीक खड्ड्यांनी हाडं खिळखिळी केली. पुन्हा झाकण उघडलं. मी तारखा मोजत होतो. माझा जीव टांगणीला लागला होता आणि ते दोन तेलं वाटीत मिसळून थेंब बोटावर चोळून बघत होते. एकदा मी चिडून म्हणालोही की आता चालेल तेवढं चालेल, द्या गाडी. त्यांनी माझ्या हातात कंदील दिला.

तिसऱ्या चकरेला आम्ही थेट उपकेंद्रापर्यंत गेलो. रपट्यावर मी मान वळवून पाहिलं, तर मिस्त्री निवांतपणे शेतातला कापूस बघत होते. केंद्राच्या बंद दाराशी पोडावरच्या चार-पाच बाया बसल्या होत्या. मिस्त्री गाडीवरून उतरले, पिशवी सावरली आणि मला न विचारताच त्यांना सांगून टाकलं की सिस्टरबाई सोमवारी येतात. सोमवारीच एक तारीख होती. सुनंदा तर या शॉकअपवर अजून रस्त्याने एकदाही गेली नव्हती.

मिस्त्री गेल्या वर्षी वारले. शेवटची दोन वर्षं ते चंद्रपूरला मुलाकडे होते. टपरीच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. लेथ, पाने सगळं त्यांनी वाटून टाकलं. त्यांच्या हातचे शॉकअप अजून या भागात धावत असतील. त्यांना आठवायचं म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तो सोमवार येतो.

सुनंदा पट्टा बांधून बसली. मी सायकलच्या वेगाने निघालो. मी प्रत्येक खड्ड्याला "दुखलं का?" विचारत होतो, आणि शेवटी तिने मला गप्प राहायला सांगितलं. चर आला, रपटा आला. मी दात आवळून गाडी खाली घातली आणि वर काढली. पुढे बरंच अंतर गेल्यावर ती म्हणाली, "अहो, रपटा येऊन गेला का?"

मी गाडी थांबवली. खाली उतरलो आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून, कोणी पाहतंय की नाही याची पर्वा न करता, जोरजोरात हसलो. मागून आलेल्या कोळशाच्या ट्रकवाल्याने काच खाली करून विचारपूस केली. त्याला वाटलं, मला काहीतरी झालंय. झालंच होतं. आयुष्यात मी काही मोठं जिंकलेलो नाही, पण त्या दिवशी मी जिंकलेला माणूस होतो.

उपकेंद्राशी बाया होत्या, आणि बाकावर त्यांच्यातच मिस्त्रीही बसले होते. दूधवाल्याच्या टेम्पोतून ते आमच्या आधी पोहोचले होते. मला वाटलं, आपलं काम बघायला आले. सुनंदा कोणाचाही हात न धरता उतरली, कुलूप उघडलं, खुर्चीत बसली आणि पहिल्या पेशंटला आत बोलावलं. मिस्त्री भिंतीला धरून, कण्हत उठले.

त्यांच्या कमरेत पहिल्या चकरेच्या रपट्यापासून चमक भरली होती. दुसऱ्या चकरेने ती वाढली. तशा कमरेने ते तिसऱ्यांदा माझ्या मागे बसले होते. हे त्यांनी सुनंदाला हळू आवाजात सांगितलं, पण दारात मी होतो, मला ऐकू आलं.

"काकाजी, आठवडा होऊन गेला. मग सांगतलं काहून नाही?" तिने विचारलं.

"सांगतलं असतं, तं तुमी गाडीवर बसल्या नसत्या."

सुनंदाने रजिस्टर ओढलं, नव्या पानावर पहिलं नाव त्यांचं लिहिलं आणि त्यांना पालथं झोपायला सांगितलं.