भाऊजींच्या बरण्या

आमच्या घरी गव्हाची पोळी सणासुदीलाच व्हायची, एरवी ज्वारीची भाकरी. माझे धाकटे दीर मात्र किड्यांना बारा महिने गव्हाचं पीठ चारीत. राज्य निजामाचं, म्हणून नांदेडच्या सरकारी शाळेत ते उर्दूतून गणित शिकवायचे आणि घरी आले की काचेच्या बरण्यांपुढं बसायचे. माझं डोकं फिरायचं.

प्रत्येक बरणीत पिठात होणारे दोन जातींचे किडे, मोठे तांबडे आणि बारीक चपटे. खाणं एकच. "कोण कुणाला किती रेटतो, त्याचं समीकरण हाय, वहिनी," ते सांगत. "बहुतेक एकच जात उरते. पण दोघं जगतील अशीबी एक सोय त्यात निघते. ती शोधून राहिलो." हैदराबादच्या कॉलेजातले एक प्रोफेसर बरण्या पाहायला येणार होते. पटलं असतं तर भाऊजींना प्रयोगशाळेत घेणार होते. त्या नोकरीसाठी या माणसाचा जीव टांगणीला लागला होता.

पाहुणे यायचे म्हणून सासूबाईंनी आदल्या दिवशी घर आवरायला काढलं. बरण्यांतलं पीठ चाळलं, त्याला ऊन दाखवलं, बरण्या राखेनं लख्ख घासल्या आणि पुन्हा भरून ठेवल्या. भाऊजी शाळेतून आल्यावर कौतुकानं म्हणाल्या, "लई किडे झालते रे. आता बघ, एकबी न्हाई."

भाऊजींनी बरण्या पुन्हा फळीवर ओळीनं लावल्या. मलाच असा संताप आला, की भांडी आपटत बसले. प्रोफेसर आले, चहा घेतला, स्वच्छ पीठ पाहून हसले आणि गेले. पुन्हा त्यांनी विचारलं नाही.

पुढं भाऊजींची बदली बिलोलीला झाली. तिथं त्यांनी सगळं नव्यानं मांडलं. चिडचिड करत का होईना, मी पीठ पाठवत राहिले. एकदा आले तेव्हा म्हणाले, "बारक्याला लपायला जागा पाहिजे, वहिनी. मोठा शिरणार न्हाई अशी."

"आधी तुमच्यासाठी बायको बघू," मी म्हटलं. ते पिठाची पिशवी घेऊन निघाले.

त्याच वर्षी पावसाळ्यात हिवतापानं ते गेले. सामानाबरोबर एक बरणी आली. पिठात गव्हाच्या काडाचे पोकळ तुकडे खोचलेले होते. तांबडे पिठात फिरत होते, चपटे काड्यांतून ये-जा करत होते. दोन्ही जिवंत.

"टाक ती घाण," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या.

मी बरणी हातात धरून उभी राहिले. जमलं होतं हो भाऊजींचं. पण ते आता कुणाला दाखवायचं, हे मला आजवर कळलेलं नाही.