मार्कंड्याजवळ भरलेली बॅटरी

साताऱ्याहून निघताना आमच्या ह्यांनी एकच अट घातली होती. एका रात्री जरी श्वासाचं यंत्र बंद पडलं, तरी दुसऱ्या दिवशी गाडी घराकडे वळवायची. झोपेत ह्यांचा श्वास अडकतो, म्हणून नाकावर मास्क लावावा लागतो. ते कळल्यापासून हा माणूस एक रात्र घराबाहेर राहिला नव्हता. शेवटी मीच हट्टानं व्हॅन बांधून घेतली. आत पलंग, शेगडी आणि यंत्रासाठी वेगळी बॅटरी. कुणाच्या घरी प्लग मिळाला की कन्व्हर्टर ती बॅटरी भरतो. गाडी पळवून ती भरायची सोय आमच्याकडे नाही.

वरोऱ्याला चहा घेतला. पुढे घुग्घुसकडून येणारे कोळशाचे ट्रक लागले आणि काचा काळ्या झाल्या. मूल ओलांडल्यावर जंगलात बायका टेंभरं (तेंदूची पिवळी, गोड फळं) विकत बसल्या होत्या. ह्यांनी ओंजळभर घेतली आणि चक्क गुणगुणायला लागले. मी मनातल्या मनात त्यांची दृष्ट काढली.

मार्कंड्याचं देऊळ पाहिलं, वैनगंगेत पाय बुडवले आणि दुपारी जवळच्या एका गावात थांबलो. सुमनबाईंचं घर मासे धरणाऱ्यांचं. त्यांनी अंगणात गाडी लावू दिली, वायरीला प्लग दिला आणि भाताबरोबर सुक्या झिंग्यांची चटणी वाढली. जेवून येऊन बघते तर कन्व्हर्टरचा दिवा बंद! आदल्या रात्री यंत्र चाललेलं, त्यामुळे बॅटरी जवळजवळ रिकामी.

मी पेचकस काढला. फ्यूज बदलला, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी खरवडली, नट आवळले. दिवा काही लागेना. ऊन असं की पान्याला हात लावला तरी चटका बसायचा. मेला कन्व्हर्टरच बिघडलाय, असं मी मोठ्यानं म्हणाले. हे शांतपणे म्हणाले, चंद्रपूरला हॉटेलात राहू, सकाळी घरी जाऊ. मला रडूच आलं. आता परतलो, तर हा माणूस पुन्हा कधी घराबाहेर पडणार नव्हता.

शेवटी वीज मोजायचा मीटर थेट घराच्या प्लगमध्ये घातला. दोनशे तीसच्या जागी जेमतेम दीडशे व्होल्ट! कन्व्हर्टर ठणठणीत होता. इतक्या कमी विजेवर तो सुरूच होत नव्हता.

सुमनबाईंना सांगितलं, तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. "साऱ्यायचे कुलर सुरू हायेत ना बाई. रात्री तं याच्याहून कमी येते," त्या म्हणाल्या आणि ओट्यावर जाऊन शेजारच्या घरी हाक मारली. ती हाक पुढच्या घरी गेली, तिथून पुढे. मी ओशाळले. इतक्या उन्हात कुणाला कुलर बंद करायला लावायचा म्हणजे काय! नको नको म्हणत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "गिरणी चालू कराची असली का आम्ही रोजच बंद करतो. मंग भाऊच्या श्वासासाठी काऊन नाई करनार?"

एकेक कुलर थांबत गेला. सगळी आळी गप्प झाली. त्या शांततेत आमच्या कन्व्हर्टरचा पंखा घुरघुरला आणि हिरवा दिवा लागला. मी तिथेच मातीत फतकल मारून बसले. हुश्श!

सुमनबाईंच्या सासूबाई सुपानं वारा घेत होत्या. हे उठले, त्यांच्या हातातलं सूप घेतलं आणि ऊन कलेपर्यंत त्यांना वारा घालत बसले. तोवर रात्रीपुरती बॅटरी भरली.

सकाळी मी उठले तर हे आधीच नदीवर जाऊन आले होते. घरी परतायचं नावही काढलं नाही. तिथून आम्ही थेट सिरोंच्यापर्यंत गेलो.

साताऱ्याला परतलो, पार्किंगमध्ये वायर जोडली आणि दिवा लगेच लागला. व्होल्टेज पूर्ण. वरच्या मजल्यांवर एसी घुमत होते. मनात आलं, इथे अडलं असतं तर कुणाचं दार वाजवायची माझी हिंमत झाली असती का? आम्ही तर शेजाऱ्यांना नावानंही ओळखत नाही. हाच विचार करत श्वासाचं यंत्र घरात न्यायला मी त्याची पेटी उचलली.

"राहू दे," हे व्हॅनमधल्या पलंगावर आडवे होत म्हणाले. "आज इथेच झोपू."