शनिवारी न बदललेले शॉक
गाडीचे कंपनीतून आलेले शॉकॲब्सॉर्बर किती टिकतात, असं हल्ली कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. टिकतात! घरातलं माणूस मोडेपर्यंत टिकतात.

आईच्या पाठीच्या मणक्याला चीर गेली होती. हाडं ठिसूळ झालीत, धक्का बसता कामा नये, असं नगरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. दर मंगळवारी शाळा सुटल्यावर मीच तिला आमच्या अकरा वर्षांच्या गाडीतून दाखवायला न्यायची. घोडेगावच्या मेकॅनिकने एकदा बॉनेट दाबून सोडलं, तर गाडी डुलतच राहिली. चाकामागे ओघळलेलं तेलही त्याने दाखवलं.

"म्याडम, कंपनीचे हायेत, लई चालले. आपल्या रस्त्याला निम्म्यातच जातात. आईला यात बसवू नका. शनिवारी शाळा सुटली की आना, नवे टाकून देतो."

वडील बाहेर ओट्यावर होते, त्यांना सांगितलं तर कडाडले, "शनिवारी? शॉक म्हणजे लोखंड, आत तेल. दोन्ही शनिवारी विकत घेत नाहीत. शिंगणापूर हाकेवर आहे, एवढं तरी कळू दे!"

जन्मभर कचेरीत कारकुनी केलेला माणूस. त्यांचा शब्द म्हणजे सही-शिक्का. रविवारी गॅरेज बंद, कामाला अर्धा दिवस हवा आणि इतर दिवशी मला संध्याकाळपर्यंत शाळा. एक दिवस रजा टाकायची होती, तीही मी टाकली नाही. पोरांना विज्ञान शिकवणारी मी, तीन शनिवार मूग गिळून बसले. त्याच शनिवारी गॅरेजसमोर शिंगणापूरला निघालेल्या भाविकांच्या गाड्या उभ्या असायच्या. कुणी ऑइल बदलून घेत होतं, कुणी ब्रेक. त्यांच्यावर शनिदेव कोपत नव्हते, आमच्याच घरावर तेवढा डोळा ठेवून होते!

चौथ्या मंगळवारी नगरला जाताना पांढरीपुलाच्या अलीकडे गतिरोधक आला. मी अगदी गोगलगायीसारखी गाडी नेली, तरी ती उसळली आणि धाडकन खाली आपटली. मागच्या सीटवरून आईचा जो आवाज आला, तसा मी कधी ऐकला नव्हता. आणखी एक मणका दबला होता.

वडिलांना मी तोंडाला येईल ते बोलले, आयुष्यात पहिल्यांदा. ते म्हणाले, "नशीब." मला तो शब्द ऐकून ताट भिरकावावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आईला बशीने चहा पाजताना मी रडत रडत सगळं सांगितलं. शॉक गेलेत, शनिवार आडवा आला, यातलं तिला काहीच माहीत नव्हतं. वडिलांचा नकार आणि माझं ऐकून घेणं, यात तिला सांगायचंच राहून गेलं होतं. पट्ट्यात आवळलेली ती, मान न हलवता म्हणाली,

"आपल्या गावचा बाजारच शनिवारचा. जन्मभर गोडंतेल मी शनिवारीच आणलं. ह्यांना सांगायचे, काल आणलं म्हणून. एका शब्दाने विचारलं असतंस तर मीच म्हटलं असतं, जा, टाकून ये शॉक. पाठ माझी होती ना गं?"